डार्क मॅटर म्हणजे कृष्णविवरंच का नाहीत? (तातडीने मदत हवी आहे)

मिरजकर_खगोल:
शनिवारी बोलायचंय, स्लाइड्स तयार आहेत, एकाच ठिकाणी गाडी अडलीय. विश्वात साधं द्रव्य (अणूंचं) 5 टक्के, डार्क मॅटर (दिसत नाही, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवतं) 27, उरलेली डार्क एनर्जी (विश्वाचा विस्तार वाढवणारी), इथवर ठीक. पण गेल्या वेळी एकीने विचारलं, "कृष्णविवर दिसत नाही, डार्क मॅटरही दिसत नाही, मग दोन्ही एकच असेल ना?" पुढच्या वेळी सांगतो म्हणून वेळ मारून नेली. कृपया लिंका देऊ नका, सगळ्या वाचून झाल्यात. दोन वाक्यांत सांगा.

पमाकाकू:
कुणासमोर बोलायचंय? कॉलेज की ज्येष्ठ नागरिक संघ? आणि कृष्णविवर म्हणजे नक्की कुठलं, ताऱ्याचं की आकाशगंगेच्या मध्यातलं?

निरभ्र:
ताऱ्याचं असेल तर विषय संपला. तारा साध्या द्रव्याचा, त्यामुळे त्याचं विवरही त्या 5 टक्क्यांच्याच खात्यात जमा. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) आणि हेलियम किती बनलं, यावरून साध्या द्रव्याचा एकूण आकडा बांधला गेलाय. कितीही तारे मेले तरी 27 भरत नाहीत.

गुरुत्वलहरी:
संपला कसला? आदिम कृष्णविवरं राहिली की. ही कल्पना झेलदोविच-नोविकोव्ह यांनी 1967 मध्ये आणि हॉकिंगने 1971 मध्ये मांडली. पहिल्या सेकंदाच्याही आत, जिथे द्रव्य-ऊर्जा जास्त दाटली होती तिथे ती थेट कोसळून झालेली विवरं. तारा नाही, काही नाही. अणुकेंद्रं बनायच्या आधीचा मामला, म्हणून तुमच्या 5 टक्क्यांत ती धरलेलीच नाहीत. लायगोला (गुरुत्वीय लहरी टिपणारी अमेरिकेतली वेधशाळा) 14 सप्टेंबर 2015 ला सापडलेली, एकमेकांवर आदळणारी विवरांची जोडी 36 आणि 29 सूर्यांएवढ्या वस्तुमानाची होती. एवढी जड विवरं आली कुठून?

निरभ्र:
ताऱ्यांतूनच. जड मूलद्रव्यं कमी असलेले तारे मरेपर्यंत वस्तुमान फारसं गमावत नाहीत. आणि आपल्या आकाशगंगेभोवती असली विवरं खच्चून भरलेली असती, तर ती मधे आल्यावर त्यांच्या गुरुत्वाने प्रकाश भिंगासारखा एकवटून मॅगेलन मेघातले (शेजारच्या छोट्या आकाशगंगांतले) तारे सारखे उजळताना दिसले असते. माचो (MACHO) प्रकल्पाने नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियातून त्यासाठीच पाळत ठेवली. तशाच ओगल (OGLE) प्रकल्पाची 20 वर्षांची निरीक्षणं 2024 मध्ये आली. घटना मोजक्याच.

सह्याद्री_८२:
बजेट किती आहे? 8 इंची डॉब्सोनियन दुर्बीण घ्या, डोळे झाकून. चायना मेड ट्रायपॉडच्या नादी लागू नका.

मिरजकर_खगोल:
दुर्बीण कुणी मागितलीय? नववीची मुलं आहेत हो.

पमाकाकू:
मग नववी हे वरच लिहायचं ना! त्यांना ड्यूटेरियम कोण समजावणार?

गुरुत्वलहरी:
जड विवरं अडचणीत आहेत, मान्य. हलक्यांचं काय? 50 कोटी टनांहून हलकी हॉकिंग प्रारणाने (विवरातून हळूहळू निसटणाऱ्या ऊर्जेने) आजवर विरून गेली असती. चंद्राएवढी किंवा त्याहून जड असतील तर वर सांगितलेल्या पाळतीत सापडतात. मधली, लघुग्रहाच्या वजनाची पट्टी मात्र मोकळी आहे. वजन अख्ख्या लघुग्रहाचं आणि आकार अणूच्या आसपास! दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान असल्यामुळे ताऱ्याला उजळवूही शकत नाही. सगळं डार्क मॅटर तिथे मावतं.

निरभ्र:
मावतं म्हणजे आहे असं होत नाही. रिकाम्या जागेला पुरावा म्हणायची ही पद्धत छान आहे.

गुरुत्वलहरी:
डार्क मॅटर म्हणजे अज्ञात कण, असं म्हणणाऱ्या तुमच्या कणवाल्यांनी तरी काय दाखवलं? ते कण टिपायला इटलीत ग्रान सास्सो डोंगराखाली टनावारी द्रव झेनॉन भरून बसलेत. हाती काय लागलं?

अण्णा_पुणे:
मुळात बिग बँग मानायचाच कशाला? नारळीकर सरांनी हॉयल आणि बर्बिज यांच्याबरोबर 1993 मध्ये वेगळा सिद्धांत मांडला होता. आजकालच्या पोरांना तो कुणी सांगतच नाही.

निरभ्र:
अण्णा, त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे त्यांना शनिवार गाठायचाय.

गोदाकाठ:
अवांतर: लायगो निघालाच आहे तर, औंढा नागनाथच्या लायगो-इंडिया वेधशाळेचं काम कुठवर आलं? 2023 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली होती. आमची थोडी जमीन हिंगोलीकडे आहे, म्हणून विचारतोय.

मिरजकर_खगोल:
जमिनीचं नंतर बघा. मी असं सांगणार: ताऱ्यांची विवरं त्या 5 टक्क्यांतलीच, म्हणून ती डार्क मॅटर नाहीत. तारे जन्मण्याआधीची विवरं असू शकतात, पण अजून एकही सापडलेलं नाही. चालेल?

निरभ्र:
चालेल.

गुरुत्वलहरी:
"सापडलेलं नाही" नको, "ओळखता आलेलं नाही" म्हणा. लायगोच्या यादीत एखादं असेलही.

निरभ्र:
झालं सुरू.

पमाकाकू:
दुसऱ्या वाक्यावर मुलगी विचारणार, मग तारे नसताना ती झाली कशी. त्याची स्लाइड केलीय का?

मिरजकर_खगोल:
नाही. कुणाकडे तयार आकृती आहे का? मराठीत हवी.