मदत हवी आहे: हातच्याची वजाबाकी डोक्यात शिरत नाहीये

मनवाची_आई: लेकीला हातच्याची वजाबाकी काही केल्या समजत नाहीये. रोज रडारड. व्हिडिओ दाखवून झालेत, कृपया ते सुचवू नका. पाठांतर नको, समजायला हवंय. सोमवारी चाचणी आहे.

कोकणी_फणस: कितवीत आहे? माध्यम कुठलं?

गणूमास्तर: पाढे पाठ आहेत का? आमच्या वेळी पावकी, निमकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा नि दीडचे पाढे, तोंडावर असायचे. कसल्या मोजायच्या मण्यांच्या माळा नि कसले दशकांचे दांडे!

सुरमई: मास्तर, वजाबाकीला पावकी कशाला लागते?

गणूमास्तर: आकड्यांची भीड चेपते हो.

झुळूक: अबॅकसचा क्लास लावा. माझ्या भाच्याला खूप फरक पडला.

सुरमई: @मनवाची_आई, चुकते म्हणजे नक्की काय लिहिते? सोडवलेलं एक गणित जसंच्या तसं टाका. त्याशिवाय सगळं अंदाजपंचे.

मनवाची_आई: तिसरीत, सेमी. ५२ − १७ वगैरे येतं, त्याचा प्रश्नच नाही. ४०३ − १२८ चं उत्तर २२५ लिहिलंय.

कोकणी_फणस: हे आधी सांगायचं ना ताई!

सुरमई: मग अडलंय ते मधल्या शून्यापाशी. तिने ४ चे ३ केले आणि हातचा थेट एककाला दिला. १३ − ८ = ५. पण शतक मोडलं तर १०० यायला हवेत, तिने १०च घेतले. ९० गेले कुठे? वर ० मधून २ जाईनात म्हणून २ मधून ० वजा केला.
खेळातल्या नोटा काढा. शंभराच्या ४, रुपयाची नाणी ३, दहाची एकही नाही. तिच्याकडे १२८ मागा. आठ सुटे नाहीत, मोडायला दहाची नाही. मग आधी शंभराची मोडून दहाच्या १०, त्यातली एक मोडून सुटे १०. आता हातात ३ शंभर, ९ दहा, १३ सुटे. तो ९ कसा आला हे दिसेपर्यंत वही उघडू नका.

त्रिज्या: एवढं कशाला? दोन्हीतून ४ काढा. ३९९ − १२४. हातचाच नको.

सुरमई: ही युक्ती झाली, समज नव्हे.

त्रिज्या: का बरं? दोन बहिणींच्या वयातला फरक चार वर्षांपूर्वीही तेवढाच होता, हे कळणं म्हणजे समजच की. नाहीतर १२८ पासून वर मोजा. २ मिळवून १३०, ७० मिळवून २००, आणखी २०३. झाले २७५.

मनवाची_आई: शाळेत उभ्या मांडणीलाच मार्क आहेत.

गणूमास्तर: बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' आणलं, तेव्हाच म्हटलं होतं मी...

कोकणी_फणस: मास्तर, त्यावर तेव्हाच भांडून झालंय. आणि त्र्याऐंशी ऐकून पोरं ३८ लिहितात, तो त्रास खराच आहे.

मनवाची_आई: नोटा काढल्या. बाईसाहेब शंभराची मोडायलाच तयार नाहीत. 'मग माझ्याकडे तीनच उरतील' म्हणे.

सुरमई: उत्तम! तिथेच तर अडलंय. मोडून घ्या आणि सगळे पैसे पुन्हा मोजायला लावा. ४०३च भरतील. मग प्रत्येक नोट मोडली की लगेच वहीत त्या आकड्यावर काट मारून नवा आकडा लिहायचा. उभी मांडणी आपोआप होईल.

झुळूक: अपूर्णांकांचंही सांगा ना कुणी. भाचा १/२ + १/३ = २/५ लिहितो.

त्रिज्या: अबॅकस लावलंय ना त्याला? :)