नव्या लॅपटॉपला डोळे झाकून लिनक्स मिंट सुचवणं थांबवा

टर्मिनलखोर:
'विंडोजऐवजी सोपं लिनक्स कुठलं?' असं कुणी विचारायचा अवकाश, की उत्तर तयार: मिंट. जुन्या मशीनवर खुशाल टाका. पण अगदी नव्या लॅपटॉपवर सोपं म्हणजे वायफाय, आवाज, टचपॅड पहिल्या बूटलाच चालू. ते इन्स्टॉलर किती गोजिरवाणा आहे यावर नाही, कर्नलवर, म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या सिस्टीमच्या गाभ्यावर ठरतं. मीडियाटेकची एमटी७९२५ ही वायफाय ७ चिप घ्या. तिचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) आला कर्नल ६.७ मध्ये, आणि डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सचा कर्नल ६.१. मग काय, नेटवर्कची यादी रिकामी. नवा कर्नल उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी नवा कर्नल! फेडोरा हे लिनक्स दर सहा महिन्यांनी नव्या आवृत्तीत येतं, मधल्या काळातही कर्नल पुढे सरकवत राहतं. माझं मत फेडोराला.

मिंटकर:
गुन्हा डेबियनचा आणि फाशी मिंटला? मिंट २२ मध्ये कर्नल ६.८ होता, २२.२ मध्ये ६.१४. डेबियनसुद्धा १३ पासून ६.१२ वर आहे. उलट फेडोरात एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर आणि काही कोडेक (व्हिडिओ-गाणी चालवणारे भाग) बाहेरच्या रेपोतून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या साठ्यातून आणावे लागतात. नवख्याला आरपीएम फ्यूजन नावाचा तो रेपो समजावत बसणार का? मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा, निवडायचं, रीस्टार्ट. वर २०२९ पर्यंत अपडेट. फेडोराची एक आवृत्ती जेमतेम १३ महिने चालते.

टर्मिनलखोर:
तारखा बघा की. कर्नल ६.१४ आला मार्च २०२५ मध्ये. फेडोरा ४२ ने तो एप्रिलमध्ये दिला, मिंट २२.२ ने सप्टेंबरमध्ये. मधल्या काळात ज्याने लॅपटॉप घेतला त्याने काय करायचं, यूएसबी वायफाय डोंगल लावून बसायचं?

बायोसबुवा:
तुमचं चालू द्या, पण बरेच जण कर्नलपर्यंत पोचतच नाहीत. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) इंटेल आरएसटी हा डिस्कचा मोड चालू असला की इन्स्टॉलरला बऱ्याचदा एसएसडीच दिसत नाही. थेट एएचसीआय हा साधा मोड केला तर आधीचं विंडोज बूट होणं बंद, आणि विंडोजची डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवली नसेल तर बोंबला. दुसरी गंमत सिक्युअर बूटची, म्हणजे ओळखीची सही नसलेला कोड चालू न देणाऱ्या सोयीची. एनव्हिडियाचा ड्रायव्हर मशीनवरच तयार झाला, तर रीस्टार्टनंतर एक निळी स्क्रीन येते, काही सेकंदच थांबते. तिथे कळ दाबून 'एनरोल एमओके' (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवणं) निवडायचं आणि आधी ठरवलेला पासवर्ड द्यायचा. नवखा माणूस घाबरून हात लावत नाही, मशीन पुढे बूट होतं आणि ड्रायव्हर लोडच होत नाही. यात फेडोरा काय नि मिंट काय.

मिंटकर:
बुवांशी सहमत. खोर, डोंगल कशाला? दोन्ही पेनड्राइव्हवर घ्या, इन्स्टॉल न करता तिथूनच लाइव्ह बूट करा, वायफाय जोडा, गाणं वाजवा, झाकण मिटून उघडा. मिंटवर सगळं चाललं तर फेडोराच्या मागे लागायचं कारणच काय?

टर्मिनलखोर:
आणि नाही चाललं तर? धागा त्याच लोकांसाठी काढलाय.