हळदीकुंकवासाठी मऊ तिळवड्या: मदत हवी आहे

रथसप्तमीच्या आत घरी हळदीकुंकू करायचं आहे, साधारण 25 जणी येतील. वाणासोबत प्रत्येकीला घरच्या तिळवड्या पुडीत बांधून द्यायच्या आहेत. बऱ्याच आज्या असतात, त्यांना कडक वडी चावत नाही, म्हणून मऊच हव्यात.

चिक्कीचा गूळ मुद्दाम टाळला, साधाच घेतला. पाव किलो तीळ भाजून निम्मे जाडसर कुटले, तेवढाच गूळ, चमचाभर तूप. पाण्यात थेंब टाकून मऊ गोळी वळली की लगेच गॅस बंद. त्या दिवशी वडी सुरेख लागते, दुसऱ्या दिवशी कडा दगड होतात. पाक त्याआधी उतरवला तर वडी धरतच नाही, ताटात नुसता चिकट लगदा.

दाण्याचं कूट चालणार नाही, एकीला ॲलर्जी आहे. सुकं खोबरं चालेल. ओलं नको, कारण वड्या चार दिवस आधी करून ठेवाव्या लागतील.

पाक न करता किसलेला गूळ कोमट तिळकुटात मळून वड्या थापल्या, तर त्या इतके दिवस मऊ राहतात का? आणि तेव्हा गुळाचं प्रमाण किती घ्यायचं?