सणाच्या रात्री जेवताना तुमच्या घरात काय वाजतं? (अनुभव धागा)

केळीचं_पान, दादर

दिवाळीला महिना राहिला. फराळाच्या याद्या सगळीकडे निघाल्यात, मला मात्र दुसऱ्याच यादीची काळजी लागून राहिली आहे.

गेल्या वर्षी पाडव्याच्या रात्री आमच्याकडे चौदा माणसं जेवायला होती. दोन खोल्यांचं घर, दोन पंगती. मसालेभात, अळूचं फदफदं, कोथिंबीर वडी, बासुंदी. स्वयंपाकाची तयारी आठवडाभर चालली होती, पण गाण्यांचा विचार कोणी केलाच नव्हता. ऐनवेळी मुलाने फोनवर 'दिवाळी' असं शोधलं आणि जी पहिली यादी आली ती लावून टाकली. ढोल, ताशे, दणदणीत कोरस. मुलं खूश होती. थोड्या वेळाने लक्षात आलं की आत्या नुसतीच हसून मान हलवतेय. तिला शेजारच्या माणसाचं बोलणंही कळत नव्हतं. नागपूरहून ती चार वर्षांनी आली होती. मी गाणी बंद केली, तर एकदम वाट्याचमच्यांचे आवाज तेवढे उरले आणि सगळेच गप्प झाले. आत्याशी गप्पा राहिल्या त्या राहिल्याच.

माझं म्हणणं एवढंच आहे: सणाला माणसं एकमेकांशी बोलायला जमतात. गाण्याने त्या बोलण्याला सोबत करावी, मध्ये पडू नये. पण हे घरात जमवायचं कसं? तुम्ही काय लावता, कधी लावता, आवाज किती ठेवता, कुठे फसलं, कुठे जमलं, सविस्तर लिहा. दिवाळीच हवी असं नाही. नाताळ, ईद, कोजागिरी, कुठलाही सण चालेल.

जोडतार, विलेपार्ले

केळीचं पान, चांगला विषय. मी बरीच वर्षं सतार शिकतेय, त्यामुळे आमच्याकडे ही जबाबदारी आपोआप माझ्याकडे येते. एका चुकीपासून सुरुवात करते. एका लक्ष्मीपूजनाला मी दिवेलागणीला मारवा राग लावला. वेळ बरोबर, वादन अप्रतिम. पण मारव्यात पंचम (प) नाही आणि षड्जावरही (सा) कलाकार पटकन येत नाहीत, सारखं लांबवत राहतात. सूर घरी परततच नाहीत. पाहुणे येऊन बसले तरी टेकल्यासारखे दिसेनात. सासूबाई म्हणाल्या, "अगं, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखं वाटतंय." त्यांना रागाचं नाव माहीत नव्हतं, पण नेमकं तेच होतं ते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. माणसं येऊ लागली की हंसध्वनी. पाच सुरांचा राग, प्रसन्न, शुभकार्याला शोभणारा. मूळचा तो कर्नाटक संगीतातला. आपल्याकडे तो रुजवण्यात भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांचा मोठा वाटा आहे, म्हणजे आपल्या मुंबईचाच. पानं वाढली की यमन किंवा भूप. जेवणं उरकून मंडळी भिंतीला टेकली, सुपारी फिरू लागली की बिहाग किंवा बागेश्री.

आणखी एक. वाद्यसंगीत लावलंत तर पूर्ण तुकडा लावून मोकळे होऊ नका. आलाप आणि जोड हे सुरुवातीचे, तबल्याशिवायचे भाग निवांत असतात. पुढे लय वाढत जाते आणि 'झाला' या शेवटच्या वेगवान भागापर्यंत वादक जोरात आलेला असतो. आमच्याकडे तो 'झाला' नेमका भात वाढताना यायचा आणि आपोआप सगळ्यांचे आवाज चढायचे, जेवण घाईचं व्हायचं. आता मी द्रुत गत (तबल्याबरोबरची जलद रचना) सुरू व्हायच्या आत पुढच्या आलापाला जाते. कलाकारावर अन्याय होतो हे मान्य आहे. पूर्ण राग मी दुसऱ्या दिवशी एकटी बसून ऐकते.

तिसरा_मजला, गिरगाव

मी सत्तरी ओलांडलेला माणूस. आमच्या मजल्यावर दहा बिऱ्हाडं आणि मर्फीचा रेडिओ एकाच घरात. रेडिओला तेव्हा लायसन काढावं लागे, पोस्टात फी भरून. दिवाळीत सगळ्यांची दारं उघडी असायची, गॅलरीत कंदील, आणि त्या घरातला रेडिओ सगळा मजला ऐकायचा. 1957 साली विविध भारती सुरू झाली, आणि त्याही आधीपासून बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सयानींचा आवाज. बुधवारी सण आला तर आठच्या आत पानं घ्यायची की नंतर, यावर आई आणि शेजारच्या काकू आधी बोलून ठेवायच्या.

आमचं बिऱ्हाड त्या रेडिओपासून चार दारं लांब होतं. त्यामुळे गाणं आमच्यापर्यंत पोचायचं ते मऊ होऊन. शब्द अर्धे कळायचे, चाल पूर्ण कळायची. वडील घास थांबवून एखादी ओळ पुरी करायचे. पुढे माझं स्वतःचं घर झालं, मी रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि तो अगदी जेवायच्या टेबलाशेजारी मांडला. गाणी तीच, पण मला ते सुख काही मिळेना. कारण कळायला बरीच वर्षं गेली. आता मुलाने दिलेला छोटा स्पीकर मी जेवताना पॅसेजमध्ये ठेवतो आणि दार अर्धं लोटतो. चार दारं लांबून यावं तसं गाणं येतं. केळीचं पान, तुमच्या आत्याबाईंसाठी हे नक्की करून बघा.

सोल्डर, मुलुंड

तिसरा मजला यांनी जे सांगितलंय त्यामागे साधं कारण आहे. समोरासमोर बसून बोलताना आवाज साधारण 60 डेसिबलच्या आसपास असतो. गाणं त्याच्या बरंच खाली राहिलं तरच बोलणं स्पष्ट कळतं. स्पीकर टेबलावर ठेवला की शेजारच्याला ते मोठं आणि टोकाच्या माणसाला ते बारीक. मग टोकाचा माणूस "वाढव रे" म्हणतो आणि शेजारच्याचे कान जातात. लांब ठेवला की सगळ्यांना जवळपास सारखं मिळतं. कोपऱ्यात मात्र ठेवू नका, भिंतींमुळे खर्ज फुगतो आणि पुरुषांचं बोलणं त्यात बुडतं.

ज्यांच्या घरात श्रवणयंत्र लावणारी माणसं आहेत त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. यंत्र समोरच्याचा आवाज वाढवतं तसाच गाण्याचा, आणि ताटात वाजणाऱ्या चमच्याचाही. माझे बाबा त्यामुळे पंगतीतून लवकर उठायचे. आम्हाला वाटायचं, दमले असतील. आता स्पीकर त्यांच्या पाठीमागे लांब, त्यांची खुर्ची भिंतीला लागून आणि शब्दांची गाणी बंद. गेल्या दिवाळीत साडेअकरापर्यंत बसले.

बाकी फोनचं. आमच्याकडे एकदा आरतीनंतर नैवेद्याचं पान वाढत असताना साबणाची जाहिरात लागली होती. गाणी आधी उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका, म्हणजे जाहिरात नाही, मेसेजची टिंग नाही, कोणाचा फोन स्पीकरवर वाजणं नाही. जुनी ध्वनिमुद्रणं बारीक असतात आणि हल्लीची गाणी मुळातच मोठी बनवलेली असतात. दोन्ही एका यादीत असतील तर आवाज समान ठेवण्याची सेटिंग बहुतेक अ‍ॅपमध्ये असते, ती चालू करा.

आणि शेजार. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल ही मर्यादा आहे. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ असेल तर मर्यादेचीही वाट बघू नये.

फुग्यांचं_पीठ, वांद्रे

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, गावठाणातलं जुनं घर. नाताळच्या रात्री टेबलावर सॉर्पोटेल (डुकराच्या मटणाचा रस्सा), बदकाची मोयली (तीही रश्शाचीच), फुगे (तळलेले गोल पाव), आणि गाणारा ठरलेला: जिम रीव्हज. अमेरिकेतला गायक, 1964 साली विमान अपघातात गेला, पण आमच्या गल्लीत त्याच्याशिवाय डिसेंबर सुरू होत नाही. लहानपणी मी आजीला विचारायचे, दुसरं कोणी नाही का? मोठी झाल्यावर कळलं त्याचं काय आहे ते. खालच्या पट्टीतला, कानाशी बोलल्यासारखा आवाज. तो कधीच ओरडत नाही. टेबलावर वीस माणसं बोलत असली तरी तो त्यांच्या खालून वाहत राहतो.

मी तीन वर्षांपूर्वी बदल म्हणून जॅझ लावून पाहिलं. ट्रम्पेट सुरू झाला की मुलं त्याच्यावर ओरडून बोलायची. पियानो आणि ब्रश वापरून वाजवलेले ड्रम चालले, ट्रम्पेट नाही. आता सुरुवातीला पियानो, मोयली आली की जिम रीव्हज, आणि केक कापल्यावर स्पीकर बंदच. मग मामा घुमट (मातीच्या मडक्याचं तालवाद्य) काढतो आणि आमच्या बोलीतली लग्नाची गाणी सुरू होतात. त्या वेळी कोणाला बोलायचं नसतंच.

वाटाणा, चेंबूर

आम्ही काहीच लावत नाही. आजेसासरे जेवणाआधी श्लोक म्हणायचे, मग जेवण. ते गेल्यावर श्लोक थोरली मुलगी म्हणते. मला ती शांतता आवडते. हाही एक अनुभव म्हणून नोंदवते.

उघडी_खिडकी, कांदिवली

आमची खिडकी रस्त्यावर उघडते. दिवाळीत बाहेर फटाके, रिक्षा, समोरच्या सोसायटीचा डीजे. खिडकी लावली तर समया आणि चौदा माणसांच्या श्वासांनी घर तापतं. (आमच्याकडेही चौदाच असतात!) तीन-चार वर्षं करून पाहिल्यावर मला कळलेलं असं: बासरी गोंगाटात हरवते, संतूर हरवत नाही. छेडलेल्या तारेचा आवाज बारीक ठेवला तरी ठिबकत राहतो. बासरीचा लांब सूर मात्र बस गेली की पुसला जातो.

ज्यांना शास्त्रीय संगीताची सवय नाही त्यांच्यासाठी माझी हमखास निवड म्हणजे शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काब्रा यांची 1967 सालची 'कॉल ऑफ द व्हॅली'. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस त्यात रागांतून उलगडतो, म्हणून सुरुवात अहिरभैरवाने, म्हणजे पहाटेची. मी पहिल्यांदा सुरुवातीपासून लावली तेव्हा काकांनी विचारलं, "अभ्यंगस्नान उद्या आहे ना?" रात्रीच्या जेवणाला उत्तरार्ध लावा: भूप, देस, पहाडी. देस सुरू होतो तेव्हा माझी आई न चुकता विचारते, हे काय लावलंयस गं. दरवर्षी विचारते आणि दरवर्षी तिला ते नव्याने आवडतं.

जोडतार, विलेपार्ले

उघडी खिडकी, संतूरचं अगदी पटलं.

बंदराकडचा, माहीम

आमची रत्नागिरीकडची मुसलमान मंडळी. ईदचं मोठं जेवण दुपारी असतं, पण जवळची माणसं खरी जमतात ती रात्री, सांदणं आणि उरलेलं मटण खायला. वाढताना काही वाजत नाही. दस्तरखान (जेवणासाठी अंथरलेलं कापड) उचलला की दादी म्हणते, "आता लाव." आता लाव म्हणजे बेगम अख्तर. गझल जेवताना लावू नये असं तिचं ठाम मत आहे, कारण शेराची दुसरी ओळ येते तेव्हा हात थांबायला हवा आणि तोंडात घास नको. मला ते फार योग्य वाटतं. शब्द महत्त्वाचे असतील ते गाणं जेवणानंतर.

सातवी_अ, बोरिवली

मी इथली बहुधा सगळ्यात लहान. आमच्या घरी भावंडांची भांडणं व्हायची, एकाला रॅप, एकाला कोरियन, आजीला अभंग. मागच्या भाऊबीजेला मावशीने वाटीत चिठ्ठ्या ठेवल्या. प्रत्येकाने एक गाणं लिहायचं, आणि ते वाजताना ते का आवडतं हे दोन वाक्यांत सांगायचं. आजोबांनी व्हॅन शिप्ली यांनी गिटारवर वाजवलेलं जुन्या सिनेमाचं गाणं निवडलं. म्हणाले, त्यांच्या लग्नाच्या हॉलमध्ये हेच वाजत होतं. आजीला हे आठवत होतं, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आता मी अशी शब्द नसलेली सिनेमाची गाणी शोधून ठेवते. एनॉक डॅनियल्स यांचं अ‍ॅकॉर्डियन पण मस्त आहे. सगळ्यांना ओळखीचं वाटतं आणि बोलताही येतं.

सी_नव्वद, डोंबिवलीहून (मूळची परळची)

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

बाबा गेले त्या वर्षी आम्ही दिवाळी केली नाही. फराळ शेजाऱ्यांनी आणून दिला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी, आई आणि भाऊ वरणभात जेवायला बसलो. बाहेर एवढा आवाज आणि घरात काहीच नाही. आईच म्हणाली, त्यांची एखादी कॅसेट लाव.

बाबांना रेडिओवरून गाणी उतरवायची हौस होती. मी हाताला आली ती 90 मिनिटांची कॅसेट लावली, भावगीतं होती, अरुण दाते वगैरे. तिसऱ्या गाण्यानंतर बटण दाबल्याचा आवाज आला आणि बाबांचा आवाज: "थांब, थांब, आत्ता नको, रेकॉर्डिंग चालू आहे." मागे कुकरची शिट्टी. बहुधा मीच काहीतरी विचारत होते. आई जेवायची थांबली. मी बंद करायला उठले तर म्हणाली, राहू दे. ती बाजू 45 मिनिटांची होती, संपेपर्यंत आम्ही तिघं ताटावर बसून होतो. मग आई बाबांबद्दल बोलायला लागली. ते गेल्यापासून पहिल्यांदा.

आता दर लक्ष्मीपूजनाला तीच बाजू लागते. माझ्या मुलीला ते वाक्य पाठ आहे. प्लेअरचा पट्टा दोनदा बदलून घेतला. फोनवर उतरवूनही ठेवलीय, पण त्या रात्री कॅसेटच लावते.

केळीचं_पान, दादर

सी नव्वद, लिहिलंत ते फार बरं केलंत. मी तुमचं आईला वाचून दाखवलं.

काल मी आत्याला फोन केला. तिला सरळ विचारलं, पाडव्याला जेवताना तुला काय ऐकायला आवडेल? ती म्हणाली, जेवताना काही नको, तुमच्याशी बोलायचंय, पण रात्री दहाला विविध भारतीवर छायागीत असतं ते लाव, मी आणि तुझे वडील गच्चीवर ऐकायचो. वडील छायागीत ऐकायचे हे मला या वयात कळतंय.

तर यंदा पॅसेजमध्ये स्पीकर, पानं वाढताना भूप, आणि दहा वाजता रेडिओ. फोनवरचा नको, खराखुरा हवा. सोल्डर, शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातेय. आत्याला बसल्या जागेवरून फिरवता येईल अशी मोठी बटणं असलेला ट्रान्झिस्टर घ्यायचाय. घेताना काय काय तपासून बघू?