हॉलमधून आतल्या खोलीतली डिस्क का उघडत नाही? (सोसायटी ग्रुप, नेरूळ)

सी-६०२: नेटवर्कमधलं कोणाला कळतं का? हॉलमध्ये कंपनीने दिलेला राउटर आहे. आतल्या खोलीत रेंज येईना म्हणून जुना राउटर केबलने जोडला. दोघांनाही यूएसबी डिस्क लावल्यात. दादांचे स्कॅन केलेले सगळे जुने फोटो आतल्या डिस्कवर आहेत. आईला ते हॉलच्या टीव्हीवर बघायचेत, पण हॉलमधून ती डिस्क काही केल्या उघडत नाही.

ए-१०१: क्लाउडवर टाक ना बाळा, कटकट मिटेल.

सी-६०२: काकू, ७०० जीबी आहे 🙏

बी-३०४: आतल्या राउटरला केबल कुठे लावलीय? निळ्या पोर्टला की पिवळ्या?

सी-६०२: निळ्या. वर वॅन लिहिलंय.

बी-३०४: तिथेच अडलंय. वॅन म्हणजे बाहेरचं नेटवर्क आत घेण्याचा पोर्ट. तिथे केबल लावली की आतला राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क थाटतो. हॉलमधल्यांना पत्ते १९२.१६८.१ चे, आतल्यांना १९२.१६८.० चे. फ्लॅटच्या दारासारखं समजा. आतून कंपाउंडमध्ये कधीही उतरता येतं, पण कंपाउंडमधून घरात यायचं तर आतून कोणीतरी कडी काढायला हवी. तुम्ही एक करून बघा. आतल्या लॅपटॉपच्या फाइल एक्सप्लोररमध्ये वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन हॉलच्या राउटरचा पत्ता टाका.

सी-६०२: \\१९२.१६८.१.१ टाकलं. हॉलची डिस्क उघडली!! यादीत तर दिसत नव्हती.

बी-३०४: यादी फक्त आपल्याच नेटवर्कपुरती असते, पण पत्ता टाकला की आतून बाहेर जाता येतं. बाहेरून आत मात्र येता येत नाही, आणि आईचा टीव्ही बाहेर आहे. म्हणून दोन्ही राउटर एकाच नेटवर्कवर आणायचे.

बी-५०१: आतला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवेल. झालं.

बी-३०४: त्याने नेटवर्क एक होईल, पण काही राउटरमध्ये तो मोड लावला की यूएसबी शेअरिंगच बंद पडतं. त्यापेक्षा हाताने करा. केबल काढून ठेवा. लॅपटॉप आतल्या राउटरला जोडा, राउटरच्या सेटिंगच्या पानावर राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करून सेव्ह करा. राउटर परत चालू झाला की नव्या पत्त्यावर जाऊन त्याचं डीएचसीपी बंद करा, म्हणजे पत्ते वाटायचं काम एकट्या हॉलच्या राउटरकडे राहील. मग ती केबल पिवळ्या, म्हणजे लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) पोर्टला लावा. निळा रिकामाच ठेवायचा.

डी-२०३: माझ्या जुन्या राउटरची डिस्क विंडोज उघडतच नाही. एसएमबी १ (नेटवर्कवर फाइल शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा म्हणतात.

बी-३०४: ताई, ते करू नका, कळकळीने सांगतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो एसएमबी १ मधल्याच भोकातून. त्याच वर्षापासून विंडोज १० मधून ते हळूहळू काढायला सुरुवात झाली. डिस्क सरळ लॅपटॉपला लावा, नाहीतर राउटर बदला.

डी-२०३: बरं झालं विचारलं. आणि डिस्क लावली की टक टक आवाज येतो तो?

बी-३०४: बहुधा वीज पुरत नाही. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअरचा असतो आणि फिरती डिस्क सुरू होतानाच जास्त ओढते. तशीच चालवत राहू नका. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावा.

सी-६०२: झालं!! टीव्हीवर व्हीएलसी प्लेअर अ‍ॅपमध्ये १९२.१६८.१.२ दिलं, सगळी फोल्डरं आली. आई बसलीय बघत, दादांच्या लूनाचा फोटो दोनदा मागे घ्यायला लावला.

बी-३०४: फार बरं वाटलं. आता आजच दोन कामं करा. राउटरच्या पानावर डिस्क सगळ्यांना खुली असेल तर पासवर्ड घाला, पाहुण्यांनाही आपण वायफाय देतोच. आणि फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवा. माझ्या पुतण्याच्या मुंजीचे फोटो कॉपी होत असताना लाइट गेली आणि ती डिस्क पुन्हा उघडलीच नाही. दुसरी प्रत नव्हती.

सी-६०२: रिकामी डिस्क आहे घरात. आता लावतो कॉपीला.

बी-३०४: राउटरवरून नको, रात्र जाईल. दोन्ही डिस्क लॅपटॉपला लावा.