मदत हवी आहे: स्टॅटिक लायब्ररीवरच्या टेस्टपुरता एलटीओ (फाइली जोडताना, म्हणजे लिंक करताना, होणारं ऑप्टिमायझेशन) बंद कसा करायचा?

अंबड_लिंकर (नाशिक): पॅनेल कंट्रोलरचा सी कोड. कंपायलर जीसीसी 13, बिल्डसाठी सीमेक आणि निंजा. सगळा कोड एका स्टॅटिक लायब्ररीत (कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइलींचा गठ्ठा), रिलीजसाठी तिच्यावर एलटीओ लागतोच. तिच्यावर 40 युनिट टेस्ट लिंक होतात. बिल्ड लावून मिसळ खाऊन आलं तरी लिंकिंग चालूच, शिवाय 16 जीबी रॅम फुल. टेस्टच्या लिंकला नो-एलटीओ फ्लॅग दिला की ‘प्लगइन नीडेड टू हँडल एलटीओ ऑब्जेक्ट’ आणि खाली अनडिफाइन्ड रेफरन्सची रांग. लायब्ररी दोनदा कंपाइल न करता जमेल का?

रामकुंड_रूट: जमेल. तुमच्या ऑब्जेक्ट फाइल ‘स्लिम’ आहेत, म्हणजे आत नुसता बायटकोड (जीसीसीचा मधल्या टप्प्यातला कोड). मशीन कोड लिंक करताना बनतो, त्यामुळे तेच काम 40 वेळा होतंय. लायब्ररीला फॅट-एलटीओ-ऑब्जेक्ट्सचा फ्लॅग द्या, दोन्ही प्रकारचा कोड एकाच फाइलमध्ये येईल. कंपाइलला वेळ थोडा वाढेल, फाइल फुगेल, ते चालवून घ्या.

टेस्टच्या लिंकमध्ये नो-एलटीओ मात्र स्पष्ट लिहा. एलटीओचा फ्लॅग नुसता काढून भागत नाही. जीसीसी लिंकरला बायटकोड हाताळणारं प्लगइन एरवीही देतं आणि बायटकोड दिसला की एलटीओ सुरूच.

अंबड_लिंकर: फ्लॅग दिला, एरर तीच.

रामकुंड_रूट: एलटीओ चालू करायला सीमेकची इंटरप्रोसीजरल ऑप्टिमायझेशन प्रॉपर्टी वापरताय ना? ती स्वतःच नो-फॅट टाकते. कंपाइल कमांड्सची जेसन फाइल उघडून बघा, दोघांपैकी शेवटी येईल तो फ्लॅग जिंकतो. झालं की लायब्ररीवर साइज कमांड चालवा. टेक्स्टचा (मशीन कोडचा) रकाना शून्याच्या आसपास असेल तर अजून स्लिमच.

पंचवटी_बिट: मेकफाइलवाल्यांनी लायब्ररी बांधायला साधं एआर न वापरता जीसीसी-एआर वापरावं, नाहीतर स्लिम फाइलींच्या सिंबॉलची यादीच बनत नाही.

मॉकसाठी (टेस्टमधल्या नकली फंक्शनसाठी) लिंकरचा रॅप, म्हणजे कॉल दुसऱ्या फंक्शनकडे वळवणारा पर्याय, वापरत असाल तर टेस्टमधून एलटीओ काढलेला बराच, जुन्या बिनयुटिल्समध्ये (लिंकर, एआर यांचा संच) रॅप आणि एलटीओ ही जोडी नीट चालत नाही. एकाच फाइलमधल्या फंक्शनने दुसऱ्याला केलेला कॉल मात्र एलटीओ नसतानाही रॅप होत नाही. तिथे फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये काढा.

आणि रात्रीच्या बिल्डला याच टेस्ट एलटीओसकट चालवा. दोन फाइलींत एकाच व्हेरिएबलचा टाइप वेगळा असेल तर ते तिथेच उघडं पडतं. त्या बिल्डसाठी निंजाचा लिंक जॉब पूल 2 वर ठेवा, म्हणजे एका वेळी दोनच लिंक चालतील, रॅम पुरेल.