कमिट संदेश लिहिण्याची एकच पद्धत कशी ठरवावी?

प्रश्न (देवगड)
आम्ही चौघे येथील आंबा बागायतदारांसाठी पेट्यांच्या नोंदणीचे आणि बिलांचे सॉफ्टवेअर सांभाळतो. गेल्या हंगामात एका बिलात पेटीमागे पाचऐवजी चारच डझन धरलेले आढळले. कोडमधील बदलांचा इतिहास आम्ही ‘गिट’ या साधनात ठेवतो. कोणती ओळ कोणी बदलली हे सांगणाऱ्या त्याच्या ‘गिट ब्लेम’ आज्ञेने ती ओळ बदलणारा कमिट (म्हणजे बदलाची नोंद) दाखवला, परंतु त्याचा संदेश होता केवळ ‘फिक्स’. तो माझाच होता, आणि कारण मलाही आठवेना. दोन दिवसांनी उलगडा झाला की मोठ्या फळाच्या पेटीसाठी तो बदल योग्यच होता. आता नियम करायचा आहे, पण कोणी ‘दुरुस्त केले’ लिहितो, कोणी ‘दुरुस्त करा’. काय योग्य?

उत्तर (रत्नागिरी)
पहिली ओळ साधारण ५० अक्षरांची, मग एक रिकामी ओळ, आणि त्याखाली ७२ अक्षरांपर्यंतच्या ओळींत खुलासा, हा रूढ संकेत आहे. रिकामी ओळ शोभेची नाही. पहिल्या रिकाम्या ओळीपर्यंतचा सगळा मजकूर गिट शीर्षक मानते, त्यामुळे ती विसरल्यास एका ओळीच्या लॉगमध्ये (कमिटांच्या यादीत) अख्खा परिच्छेद येऊन पडतो. काय बदलले हे कोड दाखवतोच, का बदलले ते मात्र तुम्हालाच लिहावे लागते:

मोठ्या फळाच्या पेटीत चार डझन धरले

सर्व पेट्यांना पाच डझन हा एकच आकडा होता.
मोठे फळ तेवढे बसत नाही, म्हणून बिल जादा येई.

उत्तर (मालवण)
इंग्रजीत आज्ञार्थ रूढ आहे, कारण गिट स्वतः तयार करते ते ‘मर्ज’ (शाखा जोडणे), ‘रिव्हर्ट’ (बदल मागे घेणे) हे संदेशही त्याच रूपात असतात. मराठीत ‘करा’ म्हटले की सहकाऱ्याला काम सांगितल्यासारखे वाटते, म्हणून मी ‘केले’च पसंत करीन, मात्र चौघांनीही तेच पाळावे. ‘कमिट.टेम्प्लेट’ या गिटच्या सेटिंगने दिलेल्या संदेशाच्या नमुन्यात ‘हा बदल का?’ अशी ओळ # चिन्हाने सुरू करून ठेवावी. संपादकात ती समोर दिसते आणि अंतिम संदेशातून आपोआप गळते. थेट ‘-एम’ (संदेश आज्ञेतच लिहिण्याचा पर्याय) वापरणाऱ्याला मात्र ती दिसतच नाही, आणि ‘फिक्स’ लिहिणारे बहुधा तेच असतात.

प्रश्नकर्ता (देवगड)
मीही त्यांतलाच. तो जुना संदेश आता बदलावा का?

उत्तर (रत्नागिरी)
नको. संदेश बदलला की त्या कमिटचा आणि पुढच्या सर्व कमिटांचा हॅश (ओळखक्रमांक) बदलतो, आणि इतर तिघांच्या प्रतींशी मेळ राहत नाही. ‘गिट नोट्स’ने खुलासा जोडावा, हॅश तसाच राहतो. फक्त त्या नोंदी नेहमीच्या पुशबरोबर (सामायिक साठ्यात बदल पाठवताना) जात नाहीत, त्या वेगळ्या पाठवाव्या लागतात.